न कळवलेला पत्ता

गेल्या महिन्यात सराव परीक्षा चालू असताना भोकर केंद्रावरची पानं उघडेनात. आमच्या ऑफिसात नव्यानं लागलेली अश्विनी धावत माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, भोकरला बिराजदार झालाय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पान कोरं येतंय. प्रश्न दिसतच नाहीत."

"ते कळलं. बिराजदार म्हणजे काय?"

ती गोंधळली. "सगळे असंच म्हणतात ना, मॅडम. ऐन परीक्षेत बंद पडलं की बिराजदार झाला. कॉम्प्युटरमधलाच शब्द असेल."

वीस मिनिटांत भोकरचं काम मार्गी लागलं. त्यानंतर मी तिला जवळ बसवून सांगायला हवं होतं, की बाई गं, हे एका माणसाचं आडनाव आहे आणि त्या माणसाच्या हातून असं कधीच झालेलं नाही. मी म्हणाले, "चल, पुढच्या केंद्राला फोन लाव."

त्याच आठवड्यात मोठ्या सरांचा निरोप आला. मोठे सर म्हणजे आमच्या क्लासेसचे मालक. लातूरला एका पत्र्याच्या खोलीत त्यांनी शिकवायला सुरुवात केली आणि आता लातूर, नांदेड, भोकर, हदगाव अशी चार ठिकाणं आहेत. संस्थेची स्मरणिका निघणार आहे. मी जुन्यांपैकी, म्हणून मी 'संस्थेतली एक न विसरता येणारी व्यक्ती' या विषयावर लिहायचं. माझ्याकडून कुणाचं नाव अपेक्षित आहे ते मला समजतं. पण मला मनापासून न विसरता आलेलं नाव एकच आहे, आणि ते मी वहीत लिहून ठेवलं: नागनाथ बिराजदार.

मला याद्या करायची सवय आहे. सकाळी ऑफिसात आल्यावर दिवसाची कामं एकाखाली एक लिहिते आणि होतील तशी खूण करते. घरात यावरून माझी चेष्टा होते. बिराजदार सरांनी मात्र पहिल्याच भेटीत माझी वही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "हे लई चांगलं करायलाव, मॅडम. फक्त एक सांगतो, खूण काम झाल्यावर करायची. होईल असं वाटल्यावर न्हाई."

तेव्हा मी हसले होते.

सर लातूरच्या मुख्य कचेरीत असत. प्रश्नपत्रिका, निकाल, मुलांची माहिती हे सगळं ज्या सर्व्हरवर होतं तो त्यांच्या ताब्यात. मी नांदेड शाखेत. मुलांना जे पान पडद्यावर दिसतं ते बनवायचं काम माझं. वयानं ते माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. उंच, सडसडीत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात एकच निळं पेन. दर गुरुवारी एसटीनं नांदेडला यायचे. डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एक कांदा. भाकरीचा तुकडा मोडला की सगळ्या लॅबला ऐकू जायचा.

मी मूळची हदगावची, त्यामुळे 'काय करून राहिले सर?' असं विचारायची. ते लगेच म्हणायचे, "तुमच्या नांदेडकडं माणूस नुसतं राहतोय. आमच्या लातुरात करायलोय."

"मग काय करायलाव?" मी त्यांच्यासारखं बोलायचा प्रयत्न करायची.

"राहूद्या ताई, तुमच्या तोंडाला बसंना ते."

मॅडमची ताई कधी झाले ते लक्षात नाही. पहिला किंवा दुसरा पावसाळा असेल.

त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट फोनवरची. मी सराव परीक्षेचं पहिलं पान केलं होतं. पान नांदेडच्या मशीनवर, आणि प्रश्न आणून मांडणारी स्क्रिप्ट लातूरच्या सर्व्हरवरून यायची. उत्तर निवडलं की सगळं ठप्प. मी लातूरला फोन केला.

"काय लिहून आलंय ते वाचा."

"स्क्रिप्ट एरर."

"पुढं?"

"पुढं काही नाही, सर. ओळ क्रमांक शून्य."

"शून्य ओळ कुठं असती का ओ? बरं. हात लावू नका. गुरुवारी येतो."

गुरुवारी आल्यावर त्यांनी चूक बघितलीच नाही. म्हणाले, "पान कसं उघडता ते दाखवा." मी डेस्कटॉपवरच्या फाइलवर दोनदा क्लिक केलं. ते खुर्ची मागं सारून बसले.

"असं उघडलेल्या पानाला गाव नसतं, ताई. तुमच्या मशीनच्या पोटातून उचललेला कागद हाय तो. ब्राउझर त्याला इचारतो, बाबा तू कुठला? तो म्हणतो, कुठलाच न्हाई. मग लातूरचा सर्व्हर त्याला दारात कामून उभं करंल?"

मग त्यांनी माझ्याच मशीनवर छोटा सर्व्हर चालू करून दिला आणि पानाला पत्ता मिळाला. चूक मात्र तशीच येत राहिली, दोन शब्द आणि शून्य. मी वैतागून म्हणाले, "निदान काय बिघडलं ते तरी सांगावं की!"

"शेजारच्या घरात भांडण झालं तर आवाज येतोय की न्हाई? पण आत जाऊन काय झालं काय झालं म्हणून इचारता का? पान नांदेडचं, स्क्रिप्ट लातूरची. दोन वेगळी घरं. म्हणून ब्राउझर एवढंच सांगायलाय, तिकडं कायतरी बिघडलंय. सगळं सांगायला पाहिजे असंल तर आधी सोयरीक करावी लागती."

त्यांनी टेबलावरची एक वाया गेलेली उत्तरपत्रिका उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन चौकोन काढले. एक नांदेड, एक लातूर. नांदेडच्या पानानं एक शब्द लिहून मागणी घालायची. लातूरच्या सर्व्हरनं स्वतःच्या यादीत नांदेडचा पत्ता बघून होकार द्यायचा. दोन्ही बाजूंनी झालं की चूक पुरी दिसते, ओळीसकट.

"आणि एक ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "मागणी घातली आणि तिकडून होकार न्हाई आला, तर आधी जे चालत होतं तेबी बंद. स्क्रिप्ट येणारच न्हाई. पान कोरं. आणि पत्ता म्हणजे नुसतं गाव न्हाई. गाव, दार, आत यायची पद्धत, तिन्ही जुळलं पाहिजे. एक बदललं की परका."

ते सांगायचे ते सगळं मी लिहून घेत होते. हेही लिहून घेतलं. ती वही अजून आहे.

लातूरच्या सर्व्हरवरची ती यादी फक्त त्यांनीच हाताळायची असा त्यांचा नियम होता. मी एकदा म्हणाले, यादीत पत्त्यांच्या जागी एक फुली टाकली की सगळ्यांनाच परवानगी मिळते, कशाला एकेक पत्ता लिहीत बसायचं? ते खरोखर दुखावल्यासारखे दिसले. "प्रश्नपत्रिका हायेत त्या, ताई. वाळवणासारख्या अंगणात पसरायच्या का?"

पत्त्यांच्या याद्यांशी त्यांचं जुनं नातं होतं. औसा तालुक्यातल्या त्यांच्या गावात भूकंपानंतर काहीच उभं राहिलं नव्हतं. लोक पत्र्याच्या शेडमध्ये होते आणि नवीन गाव दुसऱ्या जागेवर आखलं जात होतं. मदतीला आलेल्या लोकांनी घरांच्या याद्या करायला एक कॉम्प्युटर आणला. चालवणारा मध्येच निघून गेला. नागनाथ तेव्हा विशीतला, गणितात बरा. त्याला बसवलं. जुना घर नंबर एका बाजूला, नवा प्लॉट नंबर दुसऱ्या बाजूला. एके दिवशी एक म्हातारी शेडच्या दारात येऊन बसली. तिला मिळालेल्या घरात दुसरंच कुटुंब राहायला आलं होतं. यादीत एका आकड्याची चूक होती, सरांच्याच हातची. ती म्हातारी पाच दिवस सामान घेऊन रस्त्यावर होती.

ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही मी एक पत्ता घाईत चुकीचा टाईप केल्यावर. मी विचारलं, "मग काय केलं?"

"काय करणार? मोठ्यानं सांगितलं सगळ्यांना, चूक माझी हाय म्हणून. लई शिव्या खाल्ल्या. पण दुसऱ्या दिवशी तिला घर मिळालं."

भूकंपाबद्दल ते आपण होऊन बोलत नसत. कुणी नवीन माणसानं विचारलंच, तर "आमचं घर पडलं त्यात" एवढंच. त्या घरात कोण कोण होतं हे मला त्यांच्याकडून कधीच कळलं नाही. लातूरच्या कचेरीतल्यांकडून कळलं. आई, वडील, थोरला भाऊ, वहिनी. हे एकटे बाहेर ओट्यावर झोपले होते.

हे माहीत नव्हतं तेव्हाची गोष्ट. नांदेडच्या लॅबमध्ये नवीन एसी बसवला आणि मी दारावर कागद चिकटवला: दार बंद ठेवावे. सर आले, आपलं टेबल ओढत दाराशी नेलं आणि दार सताड उघडलं. मी उठून लावलं. ते टाईप करता करता थांबले, उठले, उघडलं, परत बसले. मी पुन्हा लावलं. असं तीनदा झालं. शेवटी मी कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "सर, तीस मशीन तापून राहिल्यात!"

"मला गार सोसंना ओ ताई," ते म्हणाले आणि पायानं दाराला वीट लावली.

खरं कारण कळलं त्या दिवशी मी तो कागद काढून टाकला. दर गुरुवारी एसी बंद ठेवायची सूचना केली. मुलं कुरकुरली. सरांनी हे पाहिलं. पुढच्या गुरुवारी माझ्यासाठी घरची शेंगाची चटणी घेऊन आले.

वर्षातून एक दिवस ते सुट्टी घेत. भूकंपाचा दिवस. सकाळी गावी जात, संध्याकाळी परतत. त्या दिवशी त्यांना कुणी फोन करायचा नाही हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. नातेवाइकांचे फोन येत तेच ते कसेबसे घेत. दुसऱ्या दिवशी कामावर आले की कालचं काही विचारलं तर म्हणायचे, "कालचं ध्यानात न्हाई बगा."

आता मला जे लिहायचं आहे ते मी शक्य तितक्या सरळ लिहिते.

ते क्लासेसच्या भरभराटीचे दिवस होते. लातूरच्या नावावर हदगाव, भोकर, देगलूरकडून मुलं येत होती, गल्लोगल्ली मेस आणि हॉस्टेलं झाली होती. मोठ्या सरांनी ठरवलं की खास तुकडीची निवड परीक्षा लातूर आणि नांदेड अशी दोन्हीकडे एकाच वेळी कॉम्प्युटरवर घ्यायची. ही नीट पार पडली की संस्थेचा स्वतंत्र कॉम्प्युटर विभाग उघडणार होता आणि त्याचे प्रमुख बिराजदार सर, हे मोठ्या सरांनी चार लोकांत बोलून दाखवलं होतं. सर त्यावर काही बोलत नसत, पण त्या दिवसांत ते दोन शर्ट नवीन घेऊन आले होते. आम्ही चिडवलं तर लाजले.

एवढ्या मुलांचा भार जुन्या मशीनला झेपणार नाही म्हणून मी नांदेडची पानं नव्या कॉम्प्युटरवर हलवली. म्हणजे पत्ता बदलला. माझ्या त्या दिवसाच्या यादीत सातवं काम होतं: नवा पत्ता बिराजदार सरांना कळवणे.

तो नेमका त्यांच्या सुट्टीचा दिवस होता. आणि त्याच दिवशी दुपारी पालकांची सभा, मोठे सर स्वतः लातूरहून आलेले, आणि मला पडद्यावर परीक्षा चालवून दाखवायची होती. बारा वाजता मी नव्या मशीनवर पान उघडलं. कोरं. अर्थातच कोरं. पानानं मागणी घातली होती आणि लातूरच्या यादीत हा पत्ता नव्हता.

मला एक उपाय ठाऊक होता. ब्राउझर अशा रीतीनं सुरू करता येतो की तो ही तपासणीच करत नाही. कुणीही कुठूनही काहीही आणावं, त्याची हरकत नाही. सरांनी हे मला एकदा बजावून सांगितलं होतं, की असं करायचं नाही, कारण मग आपल्या मशीनवर सगळं चालतं आणि जगात कुठंच चालत नाही, आणि आपल्याला ते कळतही नाही. मी डेस्कटॉपवर तसा एक शॉर्टकट केला. पान उघडलं. प्रश्न आले. वर ब्राउझरची पिवळी पट्टी आली, की सुरक्षा बंद आहे. पालकांना ती दिसू नये म्हणून मी पान पूर्ण पडद्यावर पसरवलं.

सभा छान झाली. मोठे सर म्हणाले, "वा, वैशालीताई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही उघडली. सातवं काम उरलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. पत्ता कळवायचा तर सरांनी विचारलं असतं, मग काल कसं चाललं? आणि मला सांगावं लागलं असतं. मनात म्हणाले, चाललंय तर आहे, गुरुवारी ते येतील तेव्हा बोलू. आणि खूण केली. का केली ते आजही नीट सांगता येत नाही. पानावर एकच ओळ खूण नसलेली राहिली होती, ती मला बघवेना, बहुधा एवढंच. त्या गुरुवारी लातूरच्याच कामामुळे सर आले नाहीत. मी पुढची पानं उलटत गेले.

परीक्षेच्या दिवशी मुलं पहिल्या गाडीनं आली होती. हदगावच्या मुली केसांना तेल लावून, रिबिनी बांधून. दहा वाजता, परीक्षेसाठी वाढवलेल्या साठ मशीनवर साठ कोरी पानं. लातूरला सुरळीत चाललं होतं, कारण तिथं पान आणि स्क्रिप्ट एकाच घरचे. नांदेडला काही नाही. तासभर मुलं कोऱ्या पडद्याकडे बघत बसली. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, माझंच बिघडलं का?" बाहेर पालक ओरडत होते. "लेकरं उपाशी आणलीत आम्ही! परीक्षा घेऊन राहिले का खेळ करून राहिले?"

मी फोनवर नवा पत्ता सांगितला असता, तर सरांनी तो पाच मिनिटांत यादीत घातला असता. पण मला तेव्हा सुचत नव्हतं, आणि सुचलं तोवर परीक्षेसाठी नांदेडला आलेल्या मोठ्या सरांनी ती रद्द करून मुलांना परत पाठवलं होतं. मग त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. लातूरला बिराजदार सर, इकडे आम्ही.

सर म्हणाले, "पत्ता यादीत न्हाई, म्हणून अडलंय. मशीन बदलली का, ताई?"

मोठे सर माझ्याकडे वळले. "वैशालीताई, मशीन बदलल्याचं तुम्ही यांना कळवलं होतं ना?"

वही माझ्या हातात होती. सातव्या कामावर खूण होती.

"हो," मी म्हणाले. "फोन केला होता. ते गावी गेले होते त्या दिवशी."

 फोनवरून बिराजदार सर म्हणाले, "केला असंल. त्या दिवशी... माझ्या ध्यानातून गेलं असंल. चूक माझी हाय, सर."

दुसऱ्या दिवशी ते नांदेडला आले, गुरुवार नसताना. मोठ्या सरांना नमस्कार केला, लॅबमध्ये गेले. मी दारातून पाहत होते. नव्या मशीनसमोर बसून त्यांनी शॉर्टकट उघडला. पिवळी पट्टी आली. त्यांनी ती अक्षर अक्षर वाचली, खिशातून पेन काढून कागदावर उतरवून घेतली, त्यांच्या नेहमीच्या रीतीनं. कागदाची घडी केली. बाहेर आले तेव्हा माझ्यासमोर थांबले. मला वाटलं आता विचारतील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले.

"येतो, ताई," ते म्हणाले.

विभाग झाला. प्रमुख म्हणून पुण्याहून एक जण आला. बिराजदार सरांकडून सर्व्हर काढून घेतला आणि त्यांना हजेरीच्या मशीनशी बसवलं. मुलांनी बोट टेकवलं की नाही ते बघायचं. गुरुवारचं येणं बंद झालं. कामानिमित्त लातूरला गेले की मला ते दिसायचे, जिन्याखाली, स्टुलावर. हसायचे. "काय करून राहिले, ताई?" असं माझंच बोलणं मला ऐकवायचे. मी घाईत असल्यासारखी पुढं जायची. मोठ्या सरांची खोली जिन्यावरून अकरा पायऱ्या वर होती. मी दर वेळी त्या चढले, कामाचं बोलले आणि उतरले.

दोनेक महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. निरोप समारंभ झाला नाही. थोड्या दिवसांनी कुठलंसं पान बंद पडलं आणि कुणीतरी म्हणालं, 'बिराजदार झाला'. सगळे हसले. मीही हसले. हे लिहायचं मी टाळणार होते.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले. आठ वर्षं झाली होती. औशाकडच्या शाळांमध्ये आमच्या मोफत चाचणीची पोस्टरं वाटायला मीच गेले होते, माणसं कमी होती म्हणून. भूकंपानंतर वसवलेल्या एका गावात, सरळ आखलेले रस्ते, एकसारखी घरं, त्यांच्या टोकाला शाळा. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभी होते तर शेजारच्या वर्गातून आवाज आला, "आधी वाच. पुरं वाच. मग मला बोलव."

ते बाहेर आले. केस पिकले होते. मला बघून इतके खूश झाले की मी हातातली पोस्टरं उगाच सारखी करू लागले.

"ताई! इकडं कुठं वाट चुकलाव?"

त्यांनी चहा मागवला. शाळेला मिळालेली सहा मशीन, त्यातली चार चालू. माझ्या आईची चौकशी केली. गोदावरीला यंदा पाणी कसं आहे विचारलं. मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सर, मी तुम्हाला फोन केला नव्हता."

"हाव," ते म्हणाले.

"त्या दिवशी मी खोटं बोलले."

"माहीत हाय की. मशीन बघितली ना मी दुसऱ्या दिवशी. खरं सांगू का ताई? आदल्या रात्रभर मी लई बेजार होतो. म्हणलं, माणसाचा फोन येतो, आपण बोलतो, आणि कायच ध्यानात राहत न्हाई, म्हणजे डोकं चाललं का काय आपलं? त्या दिवशीचं मला खरंच ध्यानात राहत न्हाई ओ. मग नांदेडला येऊन ती पिवळी पट्टी बघितली आणि जीव भांड्यात पडला. म्हणलं, न्हाई, डोकं ठिकाणावर हाय. मला इचारलं असतं तर असं चोरून कशाला चालवलं असतं? फोन आलाच न्हवता."



"मग सांगितलं का नाही कुणाला?" मी विचारलं.

"मी सांगून काय झालं असतं? दोघं भांडायलेत म्हणले असते. तुमच्या तोंडून यायला पाहिजे होतं. दोन महिने बसलो की जिन्याखाली. तुम्ही वर जायलाव, खाली यायलाव. म्हणलं आज सांगतील." हे ते तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हते. एखाद्या गाडीला उशीर का झाला ते सांगावं तसं म्हणत होते. मग त्यांनी विचारलं, "मोठ्या सरांना सांगितलाव का आता?"

"नाही."

"कुणालाच न्हाई?"

"नाही. तुम्हालाच पहिल्यांदा."

ते माझ्याकडे बघत राहिले, उत्तर चुकीच्या रकान्यात लिहिणाऱ्या मुलीकडे बघावं तसं.

"मला कशाला सांगायलाव, ताई? मला तर माहीत होतं."

घंटा झाली. ते उठले, "चहा संपवा," म्हणाले आणि निघाले. मैदान ओलांडताना मध्येच थांबले. मुलांनी पाणी पिऊन नळ तसाच सोडला होता. त्यांनी तो घट्ट फिरवला, तोटीखाली तळहात धरून थेंब येतोय का पाहिलं, हात पँटला पुसला आणि वर्गात गेले. पोरांचा एकदम गलका झाला आणि लगेच शांत झाला.

हा लेख मोठे सर वाचतील, अश्विनी वाचेल, ऑफिसातले सगळे वाचतील. फोन मी केला नव्हता. चूक माझी होती.